प्राझिक्वांटेलचं खुलं संशोधन आणि आपलं गिमवी: छोट्या कॉलेजच्या लॅबला यात काही करता येईल का?

रसायन_गुहागर

नमस्कार मंडळी. मी गुहागर तालुक्यातल्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. टीवायच्या मुलांना प्रोजेक्ट काय द्यायचा हे शोधताना मॅथ्यू टॉड या रसायनशास्त्रज्ञाचं काम वाचनात आलं. आधी ते सिडनी विद्यापीठात होते, नंतर लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात गेले. शिस्टोसोमियासिस हा रक्तवाहिन्यांत राहणाऱ्या चपट्या कृमींचा रोग. त्यावर जगभर मुख्यतः एकच औषध वापरलं जातं, प्राझिक्वांटेल. या औषधाचा निम्माच भाग कामाचा असतो. तो निम्मा भाग स्वस्तात वेगळा काढायचा कसा, हा प्रश्न टॉड यांच्या गटाने प्रयोगवही इंटरनेटवर उघडी ठेवून हाती घेतला. जमलेले प्रयोग, फसलेले प्रयोग, सगळं कुणालाही वाचता येत होतं आणि त्यावर कुणालाही बोलता येत होतं.

हे वाचून मी अस्वस्थ झाले त्याला कारण आहे. माझं माहेर गिमवीच्या जवळचं. गिमवीचं नाव परजीवीशास्त्राच्या पुस्तकांत छापलेलं आहे हे आमच्याकडे किती जणांना ठाऊक असेल? १९५२ साली गाडगीळ आणि शहा या संशोधकांनी तेव्हाच्या मुंबई राज्यात, रत्नागिरी जिल्ह्यातल्या या गावात, शिस्टोसोमा हिमॅटोबियमची लागण नोंदवली. हा कृमी एरवी आफ्रिकेतला आणि पश्चिम आशियातला. लघवीतून रक्त जाणं ही त्याची खूण. भारतात माणसांमध्ये हा रोग मूळ धरून राहिल्याचं ठिकाण म्हणून पुढच्या लेखांत पुन्हा पुन्हा गिमवीच येतं. म्हणजे ज्या औषधासाठी सिडनीत माणसं राबली, ते ज्या रोगावर चालतं तो रोग आमच्या पऱ्ह्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, पाण्यात होता. मुलांना हे सांगितलं तेव्हा वर्गात चक्क शांतता पसरली, आणि मागच्या बाकावरच्या एकाने विचारलं, "मग मॅडम, आपण काय करू शकतो?"

तोच प्रश्न मी इथे विचारते. आमच्याकडे रेणूची रचना दाखवणारं एनएमआर नाही, मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं एचपीएलसी नाही. मेल्टिंग पॉइंटचं उपकरण आहे, मिश्रण ढोबळ तपासायची टीएलसी होते, साखरेच्या प्रॅक्टिकलसाठी घेतलेला पोलॅरिमीटर (द्रावण ध्रुवित प्रकाश किती अंश वळवतं ते मोजणारं उपकरण) आहे. एवढ्यावर खुल्या संशोधनात खरोखरची भर घालता येते, की आपण लांबून कौतुकच करायचं? आणि टॉड यांचं काम खुलेपणामुळे पुढे गेलं असं म्हणणं कितपत खरं आहे? मुलांपुढे मला भाबडं काही मांडायचं नाही.

---

लोट्याचा_प्रोसेसवाला

मॅडम, लिहिल्याशिवाय राहवत नाही. माझी सगळी नोकरी लोटे-परशुरामच्या एमआयडीसीत प्रोसेस डेव्हलपमेंटमध्ये गेली. लॅबमध्ये ग्रॅममध्ये जमलेली गोष्ट रिॲक्टरमध्ये शेकडो किलोंत जमवायची, हे माझं काम. म्हणून या प्रकरणाकडे मी कारखान्याच्या बाजूने बघतो.

प्राझिक्वांटेलचा रेणू डाव्या-उजव्या हातांसारखा दोन रूपांत असतो. नेहमीच्या पद्धतीने बनवला की दोन्ही रूपं निम्मी निम्मी मिळतात. त्यातलं 'आर' रूप कृमी मारतं. दुसरं जवळजवळ काहीच करत नाही, पण गोळीच्या कडवटपणात त्याचा मोठा हात आहे. आता हिशोब बघा. गोळी ६०० मिलिग्रॅमची, डोस किलोमागे ४० मिलिग्रॅम. १५ किलोच्या पोराला एक अख्खी गोळी, त्यातले ३०० मिलिग्रॅम नुसते कडू. ६० किलोच्या माणसाला अशा चार. लहान पोर ती गोळी थुंकून टाकतं आणि कृमी तसाच राहतो.

मग इतकी वर्षं कुणी वेगळं का केलं नाही? औषध १९७० च्या दशकात दोन जर्मन कंपन्यांनी, बायर आणि मर्कने, विकसित केलं. पेटंट कधीच संपलेलं. रोग मुख्यतः आफ्रिकेतल्या गरीब गावांचा, गोळ्या देणगीतून किंवा सरकारी खरेदीतून जाणार. २०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने २५ कोटींहून जास्त माणसांना हे प्रतिबंधक औषध द्यायला हवं होतं. एवढ्या संख्येला गोळीचा भाव थोडा जरी चढला तरी कार्यक्रम कोलमडतो. शुद्ध रूप मिळवण्याच्या युक्त्या नियतकालिकांत छापून आल्या होत्या, पण त्या महागड्या उत्प्रेरकांच्या. टनाच्या भावात त्या बसत नाहीत.

आता तुमचा दुसरा प्रश्न, खुलेपणामुळे झालं का? टॉड यांनी हा प्रश्न इंटरनेटवर मांडला तो प्रयोग सुरू होण्याच्या काही वर्षं आधी. तेव्हा फारसं काही हललं नाही. प्रश्न चांगला होता, मंच खुला होता, तरी माणसं येईनात. ऑस्ट्रेलियन रिसर्च कौन्सिल आणि जागतिक आरोग्य संघटनेकडून पैसे मिळाले, लॅबमध्ये एक माणूस पूर्णवेळ उभा राहिला आणि २०१० च्या सुरुवातीपासून त्याचे रोजचे आकडे वहीत दिसायला लागले, तेव्हा लोक बोलू लागले. नुसत्या आवाहनाला कुणी ओ देत नाही. कुणीतरी काम करताना दिसलं, अडलेलं दिसलं, की जाणत्याला गप्प बसवत नाही.

बोलणाऱ्यांत बरेचसे माझ्या जातकुळीचे होते: उद्योगातले प्रोसेस केमिस्ट. त्यांचं म्हणणं साधारण असं, की नवा उत्प्रेरक शोधत बसू नका, शंभराहून जास्त वर्षं जुनी पद्धत घ्या. योग्य आम्लाबरोबर क्षार बनवा आणि स्फटिक पाडून वेगळं करा. आमच्या धंद्यात हे रोजचं आहे. १८५३ मध्ये पाश्चरने याच तत्त्वावर दोन रूपं वेगळी केली होती. टॉड यांच्या गटाने प्राझिक्वानामाइन नावाच्या मधल्या टप्प्यावरच्या अमाइनवर (अमाइन म्हणजे आम्लाबरोबर क्षार बनवणारं नायट्रोजनयुक्त संयुग) हे करून पाहिलं. टार्टारिक आम्लापासून बनवलेल्या एका आम्लाबरोबर हव्या त्या रूपाचा क्षार स्फटिक होऊन खाली बसला. (टार्टारिक आम्ल म्हणजे आपल्या चिंचेतलंच.) नेदरलँड्समधल्या एका कंत्राटी संशोधन कंपनीनेही आपला वेगळा मार्ग सगळ्यांसमोर ठेवला. २०११ मध्ये हे सगळं छापून आलं, तेही कुणालाही फुकट वाचता येईल अशा नियतकालिकात.

मला यातली सर्वांत मोलाची वाटते ती फसलेल्या प्रयोगांची नोंद. अमुक सॉल्व्हंटमध्ये क्षार तेलासारखा सुटला, तमुक तापमानाला दोन्ही रूपं एकत्र खाली बसली, असं वाचलं की पुढच्या माणसाचे कित्येक आठवडे वाचतात. आमच्याकडे अशा नोंदी कपाटात कुलूपबंद होत. एका कंपनीत फसलेला प्रयोग शेजारच्या प्लॉटवर दुसरी कंपनी पहिल्यापासून करायची आणि तीही फसायची. त्या गुप्ततेला मी नावं ठेवत नाही. १९७० च्या पेटंट कायद्याने आपल्याकडे औषधाला नव्हे तर बनवण्याच्या पद्धतीलाच पेटंट होतं, २००५ पर्यंत. तेव्हा चांगली पद्धत हीच कंपनीची कमाई होती आणि तिच्यावर लोट्यात, महाडात, तारापुरात हजारो घरं उभी राहिली. पण ज्या रोगाला गिऱ्हाईकच नाही, तिथे वही लपवून कुणाचं भलं होतं? तिथे कुलूप लावलं की फक्त रोगी बाहेर राहतो.

तुमच्या मुलांना भर घालता येईल, असं मला मनापासून वाटतं. त्याबद्दल सविस्तर लिहितो, आधी इतरांना बोलू द्या.

---

निवृत्त_मेडिकल_ऑफिसर_सिंधुदुर्ग

प्रोसेसवाले भाऊंनी छान समजावलं. मी रोग्याच्या बाजूने दोन गोष्टी सांगतो.

पहिली म्हणजे मॅडम, मुलांना सांगताना एक फरक नीट ठेवा. लहान मुलांसाठीची प्राझिक्वांटेलची गोळी आता आली आहे. आर्प्राझिक्वांटेल, १५० मिलिग्रॅम, पाण्यात विरघळणारी, तीन महिन्यांपासून सहा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी. ती कामाच्या रूपाचीच आहे. पण ती २०१२ मध्ये स्थापन झालेल्या एका वेगळ्या संघाने बनवली, त्यात जर्मनीची मर्क, जपानची अस्टेलास, स्विस उष्णकटिबंधीय संस्था असे बरेच होते. युरोपियन औषध संस्थेचा अनुकूल अभिप्राय डिसेंबर २०२३ मध्ये आला, जागतिक आरोग्य संघटनेची पूर्वपात्रता, म्हणजे दर्जा तपासून दिलेली मान्यता, २०२४ मध्ये. खुल्या वहीतून थेट ही गोळी निघाली असं सांगू नका. वहीने दाखवलं की शुद्ध रूप स्वस्तात मिळवता येतं, आणि तो मार्ग सगळ्यांना देऊन टाकला. पुढे चाचण्या, मुलांमधला डोस, उष्ण हवेत टिकणारी गोळी, मंजुरी हे सगळं करायला दहा-बारा वर्षं आणि फार मोठा पैसा लागला. खुलेपणाने ते काम संपत नाही.

दुसरी गोष्ट गोळी पोटात जाण्याची. हत्तीरोगाच्या कामात मी आयुष्य काढलं. सिंधुदुर्ग हत्तीरोगाच्या जिल्ह्यांत मोडतो. जंतू रात्रीच रक्तात वर येतात म्हणून आमचे कर्मचारी रात्री कंदील, पुढे बॅटऱ्या घेऊन वाड्यावस्त्यांवर बोटातलं रक्त घ्यायला जायचे. भुंकणारी कुत्री, झोपलेली माणसं, दार न उघडणारी घरं. गोळी डीईसीची, म्हणजे डायइथिलकार्बामॅझिन या हत्तीरोगावरच्या औषधाची. या औषधावरचं काम अमेरिकेत आपल्या यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या गटाने १९४० च्या दशकात केलं. स्वस्त, जुनी, पेटंट नसलेली गोळी. आणि तीच गोळी माणसं हातात घ्यायची, "जेवण झाल्यावर घेतो" म्हणायची आणि खिशात टाकायची. म्हणून समोर उभं राहून गिळायला लावणं हा कार्यक्रमाचा भाग झाला. जिला काही होत नाही त्या बाईने गोळी का घ्यावी, हे तिच्या ओटीवर बसून समजावणारी आशाताई नसेल तर जगातली सर्वोत्तम प्रक्रिया रिकामीच.

कोकणातलं एक उदाहरण मुलांना जरूर सांगा. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर. लाल विंचू चावून मुलं दगावायची, फुप्फुसात पाणी भरून. विषामुळे शरीरात ॲड्रेनलिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो हे ओळखून त्यांनी रक्तदाबावरची जुनी गोळी, प्राझोसिन, वापरली आणि त्यांची निरीक्षणं १९८० च्या दशकात लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. मृत्यूचं प्रमाण जवळपास ४० टक्क्यांवरून १ टक्क्याच्या आसपास आलं. ना पेटंट, ना कंपनी. ग्रामीण दवाखान्यात बसून रात्री-अपरात्री नाडी, रक्तदाब, लघवी लिहीत राहिलेला डॉक्टर. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. नोंद ठेवणं आणि ती सगळ्यांच्या हाती देणं हे या मातीत आधीही झालं आहे.

---

खाडीकाठ

मी प्राणिशास्त्र शिकवतो, दापोलीकडे. गोगलगायीबद्दल थोडं.

आफ्रिकेत हिमॅटोबियमचा मधला यजमान (माणसात जाण्याआधी अळी जिच्यात वाढते तो प्राणी) बुलायनस गोगलगाय असते, ती आपल्याकडे नाही. मग गिमवीत चक्र चाललं कसं? गाडगीळ आणि शहा यांनी १९५५ मध्ये फेरिसिया टेन्युइस या गोगलगायीकडे बोट दाखवलं. ही टोपीच्या आकाराची, काही मिलिमीटरचीच, दगडाला नाहीतर बुडालेल्या पानाला चिकटलेली असते. नजर सराईत नसेल तर दिसतही नाही. रोग्याच्या लघवीतली अंडी गोड्या पाण्यात फुटतात, अळी गोगलगायीत शिरते, तिथे वाढून दुसऱ्या रूपात बाहेर पडते आणि पाण्यात उतरलेल्या माणसाच्या कातडीतून आत जाते. यातला एक दुवा तुटला की चक्र थांबतं.

मॅडम, मुलं उत्साहात पऱ्ह्यात उतरतील. त्याआधी दोन गोष्टी करा. ग्रामपंचायतीला आणि प्राथमिक आरोग्य केंद्राला विश्वासात घ्या, कारण "आमच्या गावात रोग आहे" अशी बातमी फोनवरून तासाभरात मुंबईच्या चाकरमान्यांपर्यंत जाईल आणि गावाला नाहक त्रास होईल. १९५२ ची नोंद ही १९५२ ची नोंद आहे, तशीच सांगा. आणि फोटोवरून जातीचं नाव ठोकून देऊ नका. फोटो, जागा, तारीख, पाण्याचं तापमान एवढं खुल्या जैवविविधता मंचावर टाका आणि ओळख तज्ज्ञांवर सोडा. कोकणातल्या गोड्या पाण्यातल्या छोट्या गोगलगायींचे इतके कमी फोटो आहेत की तेवढंही उपयोगी पडेल.

---

रसायन_गुहागर

डॉक्टर, तो फरक तुम्ही सांगितला नसता तर मी वर्गात दोन्ही गोष्टी एकत्र सांगितल्या असत्या असं नाही, पण इतक्या स्पष्टपणे मांडल्या नसत्या. आभार. सरपंचांशी मी स्वतः बोलते, ते माझ्या चुलतभावाचे मित्र आहेत.

प्रोसेसवाले सर, आता तुम्ही सविस्तर लिहा. पालकसभेत मला विचारतील की याचा नोकरीला काय उपयोग. आणि प्रयोगवही इंग्रजीत ठेवायची की मराठीत? माझी बरीच मुलं मराठी माध्यमातली आहेत, इंग्रजीत लिहायला सांगितलं की पुस्तकातलं वाक्य उतरवतात.

---

लोट्याचा_प्रोसेसवाला

मॅडम, आधी एक इशारा. प्राझिक्वांटेल पहिल्यापासून बनवण्याच्या फंदात मुलांना पाडू नका. मूळ औद्योगिक मार्गात पोटॅशियम सायनाइड आणि उच्च दाबाचं हायड्रोजनेशन येतं. ते कॉलेजचं काम नव्हे.

त्याऐवजी १-फिनाइलएथिलअमाइन घ्या, दोन्ही रूपांचं मिश्रण बाजारात मिळतं. ते टार्टारिक आम्लाबरोबर गरम मिथेनॉलमध्ये विरघळवून सावकाश थंड करा. तत्त्व तेच जे प्राझिक्वानामाइनला वापरलं. हवेत बाष्प सोडू नका, मिथेनॉल विषारी आहे आणि पेट घेतो, फ्यूम हूडखालीच (वाफा बाहेर ओढून नेणाऱ्या कपाटात) आणि ज्योतीशिवाय गरम करा. स्फटिक जाडसर, विटेसारखे आले तर माल शुद्ध. सुयांसारखे आले तर अशुद्ध, ते पुन्हा गरम करून विरघळवायचे आणि आणखी सावकाश थंड करायचे. मग क्षारातून अमाइन मोकळं करून पोलॅरिमीटरवर बघा. शुद्ध द्रवाचं स्पेसिफिक रोटेशन, म्हणजे ठरावीक लांबीच्या नळीत तो प्रकाश किती वळवतो तो आकडा, ४० अंशांच्या आसपास यायला हवा. मुलांना तुमच्या त्या साखरेच्या उपकरणावर हे दिसेल, एनएमआर लागणार नाही.

हा प्रयोग जगभरच्या कॉलेजात होतो, मग भर कसली? भर हवेची. इथे जुलैत लॅबमध्ये भिंतीला हात लावला तरी ओला होतो. दमट हवेत, आपल्याकडच्या मिथेनॉलमध्ये, थंड व्हायचा वेग बदलला तर सुया किती वेळा येतात आणि विटा किती वेळा, हे कुणी धड लिहून ठेवत नाही. कारखान्यात मी याच प्रश्नांवर झगडलो. पावसाळ्यात एक मालिका करा आणि दिवाळीनंतर तीच पुन्हा. प्रत्येक वेळी आर्द्रता लिहा. फसलेली बॅचही फोटोसकट टाका. टॉड यांच्या प्रकल्पांचे काही नियम आहेत, त्यातले दोन मुलांना फळ्यावर लिहून द्या: चर्चा खाजगी ईमेलवर नाही, उघड्यावर करायची. आणि टीका करायची तर काय करावं ते सुचवायचं.

पालकांना सिडनी ग्रामर शाळेच्या मुलांबद्दल सांगा. २०१५ मध्ये अमेरिकेत एका कंपनीने डाराप्रिम या जुन्या औषधाची गोळी साडेतेरा डॉलरवरून ७५० डॉलरला नेली. २०१६ मध्ये त्या शाळेतल्या मुलांनी टॉड आणि ॲलिस विल्यमसन यांच्या मार्गदर्शनाखाली त्याचं मुख्य रसायन शाळेच्या लॅबमध्ये बनवून दाखवलं, वही खुली ठेवून. आपल्याकडेही सीएसआयआर या केंद्र सरकारच्या संशोधन परिषदेने २००८ मध्ये समीर ब्रह्मचारी यांच्या पुढाकाराने क्षयरोगासाठी खुलं औषधसंशोधन सुरू केलं होतं, त्यात विद्यार्थ्यांनी मोठं काम केलं. आणि नोकरीचं विचाराल तर, मुलाखत घेताना मी उमेदवाराला नेहमी फसलेल्या प्रयोगाबद्दल विचारायचो. ज्याला ते नीट सांगता येतं, तारीख, तापमान, काय दिसलं, त्याला मी घेत असे.

भाषेचं म्हणाल तर आकडे, रसायनांची नावं, वजनं इंग्रजीत ठेवा म्हणजे बाहेरच्याला वाचता येतील. निरीक्षण मात्र मुलाला सुचेल त्या भाषेत. "पांढरा चिकट गोळा, काडीला लागून वर येतो, वास माशासारखा" असं एखाद्या मुलाने लिहिलं तर मला भांड्यात काय झालं ते कळतं. पुस्तकातलं वाक्य उतरवलं तर काहीच कळत नाही. खाली भाषांतर तुम्ही जोडा.

तुमच्या पोलॅरिमीटरची नळी एक डेसिमीटरची आहे की दोन? आणि किती मिलिलिटर मावतं? ते कळलं की एका बॅचला किती ग्रॅम अमाइन घ्यावं लागेल ते काढून देतो. मिश्रण मागवायला वेळ लागतो, तेव्हा या आठवड्यातच सांगा.